अंजूरच्या चरातला बैल

उत्खननावर पहिल्यांदा आलेल्या मुलांना मी सुरुवातीला खणू देत नाही. खुंट्या ठोकायला लावते, दोरी ताणायला लावते, गवत काढायला लावते आणि मग उकिडवं बसवून ट्रॉवेलने माती खरवडायला लावते. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण. खरवडायचं, झाडायचं, बघायचं. मग पुन्हा खरवडायचं. मुलांची तोंडं उतरतात. एवढा प्रवास करून आलो तो काय जमीन पुसायला, असं त्यांना वाटत असणार. मलाही माझ्या पहिल्या उत्खननात तसंच वाटलं होतं.

त्या हिवाळ्यात आमचं काम अंजूरला होतं. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक शेत, शेतात एक उंचवटा आणि दोन्ही बाजूंना गोदामं. उंचवट्यावर नांगर फिरला की जुनी खापरं वर यायची. आमच्या सरांनी, म्हणजे उत्खननाच्या प्रमुखांनी, ती पाहिली, सरकारी परवानगी मिळवली आणि विद्यार्थ्यांचा चर माझ्याकडे सोपवला. चर म्हणजे दोरी आखून सरळ भिंतींचा खणलेला चौकोनी खड्डा. दुसऱ्या, मोठ्या चरावर सर स्वतः होते.

मी भिवंडीचीच. आमच्याकडे सुट्टी म्हणजे सगळ्या घराने मिळून लेणी पाहायला जायचं. मोठी माणसं वंदना करत, तोवर आम्ही पोरं कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत वाकून बघत बसायचो. हे पाणी इथे आणलं कुणी, या प्रश्नापायी मी या विषयात आले. पण बाहेरगावच्या मुलांना माझं गाव कळलं की ती चकित व्हायची. "मॅडम, भिवंडीत लूम असतात ना? तिकडे पुरातत्त्व पण असतं?" मी म्हणायचे, "लूमच्या खाली जमीन असतेच की."

शेताची मालकीण म्हणजे काकी. साठी ओलांडलेली, काटक, हिरव्या काठाचं लुगडं घट्ट नेसणारी बाई. बाजूची गोदामं तिच्याच मुलांची. पण उंचवट्यावर काही बांधायला तिने कधी होकार दिला नव्हता, कारण तिथला वाल फार चवीचा होतो असं तिचं म्हणणं. रोज सकाळी ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन चराच्या काठाशी येऊन बसायची.

"काय गो मास्तरीन, गावला का काय?"

"नाही काकी, अजून तरी काही नाही."

"बरा. मंग जेवाला या दुपारी. जवला केलाय."

काही न सापडण्याचा आणि जवळ्याच्या कालवणाचा संबंध काय ते मला कधी कळलं नाही, पण आम्ही जेवायला जायचो.

माझ्या चरातल्या मुलांमध्ये दोघांची गोष्ट सांगायची आहे. एक होता उंच, सडपातळ, नाशिककडचा. काम दणकून करायचा. घमेली उचलावीत तर त्यानेच. पण त्याला धीर नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आपण निदान एक तलवार तरी काढणार. दोन आठवडे नुसती खापरं, शंखशिंपले आणि माशांचे काटे निघाल्यावर त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरी होती भिवंडीची मुलगी. घरचे लूम, म्हणजे यंत्रमाग. वडिलांनी उत्खननाला परवानगी दिली ती मी गावातली म्हणून, आणि तीही रोज संध्याकाळी घरी परतायच्या अटीवर. बाकीची मुलं गावातल्या लग्नाच्या हॉलमध्ये उतरली होती, ही मात्र सकाळी रिक्षाने यायची. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि परत यायची. कामाला ती हळू होती. इतरांचा कोपरा खरवडून व्हायचा तेव्हा हिचा निम्माही झालेला नसायचा. उंच मुलगा तिला चिडवायचा, "तुझी नाइट शिफ्ट लावू का?" ती मान वर न करता म्हणायची, "लाव ना. ओव्हरटाइम तू देगा क्या?" आणि खरवडत राहायची.

माती थोडी ओली असली की तिचे रंग उठून दिसतात, म्हणून खरवडण्याआधी आम्ही झाडांवर मारायच्या छोट्या फवाऱ्याने पाणी शिंपडतो. त्या फवाऱ्यावर तिने पहिल्या दिवसापासून कब्जा केला होता. पाणी मारायची आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बघत बसायची.

एका रविवारी मी मुलांना अकलोलीला नेलं. सगळ्यांच्या कंबरा धरल्या होत्या. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले तशी पोरं म्हाताऱ्या माणसांसारखी "आई गं" करायला लागली आणि शेजारचे खरेच म्हातारे हसायला लागले. येताना वज्रेश्वरीच्या देवळाबाहेरच्या दुकानांतून भटकलो, खाल्लं प्यालं आणि दुपारच्या एसटीने परत आलो. हॉलवर पोचताच सगळे आडवे झाले. फक्त उंच मुलगा आणि त्याचा मित्र म्हणाले, "मॅडम, आम्ही जरा चरावरची ताडपत्री बघून येतो. वारा सुटलाय."

मला फार कौतुक वाटलं. मी संध्याकाळी सरांना फोनवर सांगितलंसुद्धा, की या मुलांना आता जबाबदारी कळायला लागली.

सोमवारी सकाळी ताडपत्री काढली, मुलं आपापल्या जागी बसली. भिवंडीच्या मुलीने कोपऱ्यात पाणी मारलं आणि गाल जमिनीजवळ नेऊन पाहिलं. मग हाक मारली.

"मॅडम, इधर देखो ना. इथे पाणी लवकर जिरतंय."

मी वाकून पाहिलं. सगळीकडे मातीवर ओलाव्याची चमक होती, पण कोपऱ्याजवळ ताटाएवढ्या गोल जागेत पाणी पडल्या पडल्या नाहीसं होत होतं. तिने बोटाने दाबलं तर बोट आत गेलं.

"म्हणजे काय असेल?" मी विचारलं.

"माती भुसभुशीत आहे. म्हणजे नंतर भरलेली. म्हणजे..." तिने माझ्याकडे पाहिलं, "खड्डा?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. थर आणि खड्डा यांतला फरक सांगून सांगून माझा घसा बसला होता. जुन्या लोकांनीही खड्डे खणले, कचरा टाकला, बुजवले. असा खड्डा वरून खाली कितीतरी थर कापत जातो, त्यातली माती थरात मिसळू दिली तर सगळा घोटाळा. म्हणून खड्डा दिसला की आधी त्याची कड आखायची, फोटो काढायचा, आतली माती वेगळी काढायची आणि वेगळी चाळायची. हे सगळं मुलांना फळ्यावर शिकवलेलं होतं. आता ते जमिनीवर दिसत होतं.

मी सगळ्यांना बोलावलं. उंच मुलगाही आला. त्याने ती गोल कड पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, उंदराचं बीळ असेल. जाऊ दे ना."

"बीळ असलं तरी नोंद होणार," मी म्हटलं. "तू चाळणीवर ये. यातली माती तूच चाळ."

तो चाळणीशी जाऊन उभा राहिला. त्याचा मित्र एकदम पाणी प्यायला निघून गेला. माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही. माझं सगळं ध्यान त्या खड्ड्याकडे होतं.

मुलीने ट्रॉवेलच्या टोकाने थोडी थोडी माती काढायला सुरुवात केली. वीतभर खाली गेल्यावर तिचा हात थांबला. ब्रश घेतला. मातीतून एक गोल पाठ वर आली, मग वशिंड, मग एक तुटकं शिंग. भाजलेल्या मातीचा बैल. मुठीत मावेल एवढा.

चरात आरडाओरडा सुरू झाला. कुणी मोबाइल काढला, कुणी उड्या मारल्या. काकी खुर्ची सोडून अगदी काठाशी आली. मी गुडघ्यांवर बसले. असे मातीचे बैल जुन्या वस्त्यांत सापडतात, पण माझ्या विद्यार्थ्यांच्या चरात, माझ्या गावाजवळ! सरांना फोन लावायला मी मोबाइल काढला.

"मॅडम, एक मिनिट," मुलगी म्हणाली. बाकी सगळे बैलाभोवती जमले होते, ती मात्र बैलाच्या खालची माती काढत होती. तिने चिमटीत काहीतरी धरलं होतं. चकचकीत, पिवळं, नखाएवढं. वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा.

"हे बैलाच्या खाली होतं," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "तुम्ही शिकवलं ना, खड्ड्यात जी सगळ्यात नवी वस्तू, खड्डा तिच्यानंतरचा. मग हा बैल वेफर्सच्या नंतरचा झाला ना?"

मग एकेक मान चाळणीकडे वळली. उंच मुलाचे कान लालबुंद झाले होते. त्याचा मित्र पाण्याच्या पिंपामागे जवळजवळ लपला होता.

"वज्रेश्वरीला घेतला," उंच मुलगा हळूच म्हणाला. "चहाच्या पाण्यात भिजवला, शिंग दगडावर घासून तोडलं. मॅडम, फक्त गंमत होती. तुम्हाला सापडला की लगेच सांगणार होतो."

मुलं फुटलीच. इतकी हसली की एकीला ठसका लागला. काकीने "काय झाला, काय झाला" विचारत शेवटी समजून घेतलं आणि पदर तोंडाला लावून तीही हसायला लागली. हसू मलाही येत होतं. पण त्याच्याखाली राग होता, आणि तो खरा होता.

मी उंच मुलाला बाजूला शेताच्या बांधावर नेलं. "बैलाचं मला काही वाटत नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला फसवलंत, ठीक आहे, मी फसले. पण बैल ठेवायला तू खड्डा खणलास. तिथली माती तू कशी काढलीस, तिच्यात काय होतं, कशाच्या शेजारी होतं, तुला सांगता येईल?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"ती जागा आता कुणालाच वाचता येणार नाही. मला नाही, सरांना नाही. पान फाडून टाकल्यासारखं झालं ते."

त्याचे डोळे भरून आले. एवढा उंच मुलगा, पण अंगठ्याने बांधावरचं ढेकूळ फोडत उभा राहिला. "मी घरी जाऊ का?" त्याने विचारलं.

"घरी कशाला? खड्डा अर्धाच झालाय. तो पूर्ण साफ कर. कड राख, माती चाळ, माप घे, चित्र काढ. जुन्या खड्ड्याचं करतो तसंच सगळं."

तो गेला आणि चरात उतरला. मुलीने सरकून त्याला जागा दिली आणि फवारा त्याच्याजवळ ठेवला. मी सावलीत बसून चहा घेतला. सरांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालू होती, कारण कालच मी त्या मुलाची तोंडभर स्तुती केली होती.

चहा संपायच्या आत हाक आली.

"मॅडम! मी काही केलेलं नाही! शपथ!"

मी धावले. तो दोन्ही हात वर करून चरात उभा होता, पोलिसांनी धरल्यासारखा. त्याच्या खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत, खालच्या अंगाला, भाजलेल्या मातीची जाड, वाकलेली कड दिसत होती.

"आता काय ठेवलंस? परात?" कुणीतरी विचारलं आणि पुन्हा हशा पिकला.

"खरंच नाही ठेवलं! भिंत साफ करत होतो, तर हे दिसलं!" त्याचा आवाज रडवेला झाला होता. कुणाचाच विश्वास बसेना, आणि माझाही बसत नव्हता.

भिवंडीची मुलगी खाली वाकली. पाणी मारलं. गाल जमिनीला टेकवून पाहिलं. कडेच्या वर बोट दाबलं, खाली दाबलं. "नाही मॅडम," ती म्हणाली. "ये इसका नहीं है. माती घट्ट आहे. पाणी वरच थांबतंय. हे आधीपासूनचं आहे."

त्या मुलाने तिच्याकडे ज्या कृतज्ञतेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

मी स्वतः उतरून तपासलं आणि मग सरांना फोन केला. पुढचे दिवस आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच काम केलं. कड वाकत वाकत पूर्ण वर्तुळ झाली. तिच्याखाली तसंच दुसरं कडं, त्याच्याखाली तिसरं. भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक रचून केलेली विहीर. जुन्या काळी अशा विहिरी बांधत. कधी पिण्याच्या पाण्यासाठी, तर कधी घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवायला. सर आले, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि चराच्या काठावर मांडी घालून बसले. त्यांची आनंद व्यक्त करायची पद्धत तीच होती. त्यांच्या मोठ्या चरात तोवर एक फरशीसुद्धा निघाली नव्हती, हे मुलांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगून घेतलं.

"ही पाण्याची का सांडपाण्याची?" मी त्यांना विचारलं.

"आतली माती तपासू. पण तळाशी काळपट, चिकट आहे. फुटकी मडकी, काटे. मला वाटतं सांडपाण्याची."

काकी खुर्चीवरून ऐकत होती. "मंजे काय?"

"म्हणजे काकी, इथे राहणारे लोक घाण पाणी यात सोडत असतील. जमिनीखाली मुरायचं."

"गटार?"

"एका अर्थी, हो."

काकी उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिने त्या कड्यांकडे पाहिलं आणि मग रस्त्यापलीकडच्या आपल्या आळीकडे. "मंजे तवा आमच्या शेतान गटार व्हतं? नि आमच्या आलीन आजपन न्हाय?"

ही बातमी गावभर झाली. संध्याकाळपर्यंत लोक शेताच्या बांधावर येऊन गटार कुठे, गटार कुठे म्हणून विचारायला लागले. काकीच्या थोरल्या मुलाने म्हणे ग्रामपंचायतीत जाऊन ऐकवलं, की आता तरी लाजा. त्याचं काय झालं मला माहीत नाही. मुलं मात्र आपल्या गटारावर भलतीच खूश होती. तलवारीचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

उत्खनन बंद करायच्या आधी आम्ही गावाला चर दाखवायचा दिवस ठेवला. मी ठरवलं की मुलांनीच सांगायचं, मी मागे उभी राहणार. गावकऱ्यांना उंच मुलाने सांगितलं. सुरुवात त्याने स्वतःच्या खड्ड्यापासून केली. "हा खड्डा मी खणला, गाढवपणा करून," तो म्हणाला, "आणि त्याच्यामुळे विहीर दिसली असं हे सगळे म्हणतात. पण तसं नाही. तो कोपरा आम्ही पुढच्या आठवड्यात घेणारच होतो. माझ्यामुळे कड्याच्या शेजारची माती मात्र वाया गेली." त्याला कुणी असं बोलायला सांगितलं नव्हतं. सर माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "याला पुढच्या वर्षी बोलवा."

दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून भिवंडीच्या मुलीचे वडील उतरले, आई, काकू, लहान भावंडं, आणि वडिलांच्या लूमवरची दोन माणसंही. लग्नाला आल्यासारखे सगळे नवे कपडे घालून. मुलगी आधी लाजली. मग चरात उतरली आणि सगळं हिंदीत सांगू लागली. ये मिट्टी पहले की, ये बाद की. ये देखो, पानी इधर रुकता है, इधर नहीं. मधेच एखादी गावची बाई मराठीत विचारायची, तर तिला मराठीत उत्तर द्यायची, आणि परत हिंदीत जायची. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

वडील चराच्या काठाशी उभे होते. हात मागे बांधून ऐकत होते. सगळं झाल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, ये काम में ड्युटी कितने घंटे की होती है?"

"सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत खणायचं," मी म्हटलं. "मग खापरं धुवायची, निवडायची, लिहायचं."

"और औरतें भी करती हैं?"

"मी करते ना."

त्यांनी मान डोलवली. मग विहिरीकडे पाहिलं. "बाहर गाँव भी जाना पड़ता होगा," ते म्हणाले. तेवढ्यात काकी आली आणि कुणालाही न विचारता त्या सगळ्या कुटुंबाला जेवायला घेऊन गेली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, आणि कालवण होतंच. मुलीची आई आणि काकी एकमेकींची भाषा निम्मीच समजत होत्या, पण बिरडं कसं करायचं यावर तासभर बोलल्या. निघताना आईच्या हातात वालाची पिशवी होती.

शेवटच्या दिवशी विहिरीत वाळू भरली, वर ताडपत्री अंथरली आणि चर बुजवला. हे मुलांना नेहमी जड जातं. एवढं काढलेलं परत झाकायचं कशाला, म्हणून वाद घालतात. मी सांगते की उघडं ठेवलं तर एका पावसाळ्यात कडी ठिसूळ होऊन फुटतील. झाकलेलं टिकतं. तरी घमेली हळूहळूच ओततात.

पुढच्या हिवाळ्यात आमचं काम दुसऱ्या जिल्ह्यात होतं. मुक्कामाचं शिबिर. निघायच्या सकाळी मी भिवंडीच्या नाक्यावर उभी होते. जीप यायची होती. समोर एक रिक्षा थांबली, आणि तिच्यातून मुलीचे वडील उतरले. त्यांनी मागची बॅग काढली, वळकटी काढली, मग पाण्याचा एक मोठा कॅन काढला. मुलगी मागून उतरली, हसू दाबत.

"अब्बा, वहाँ पानी होता है," ती म्हणाली.

"होगा," ते म्हणाले, आणि कॅन जीपमध्ये आपल्या हाताने नीट लावून ठेवायला माझ्याशेजारी थांबून राहिले.